‘डिटर्मिनेशन’ म्हणजे नुसती जिद्द नाही: या चुका टाळा

मागच्या आठवड्यात अकरावीच्या वह्या तपासत होते. एका वहीत वाक्य दिसलं, ‘शिरीषकुमार वॉज अ व्हेरी स्टबर्न बॉय.’ मुलगी नंदुरबारकडची. ९ सप्टेंबर १९४२ ला हातातला तिरंगा न सोडता पोलिसांच्या गोळ्या झेलणाऱ्या आपल्या गावच्या पोराबद्दल तिला किती अभिमान आहे, हे मला माहीत होतं. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्या वाक्यात कुणाचंच न ऐकणारा, हट्टाला पेटलेला मुलगा दिसतो.

चूक कुठे झाली ते तिला विचारलं. तिने मोबाईलवरच्या हिंदी-इंग्रजी शब्दकोशात ‘जिद्दी’ शोधलं होतं. खान्देशात ही चूक मी फार पाहते, कारण आपल्याकडे हिंदी कानावरून सारखी जाते. हिंदीत जिद्दी म्हणजे बहुधा हट्टी, आडमुठा. मराठीत जिद्द हा गुण आहे. आपण पोराचं कौतुक करताना ‘जिद्दी आहे हो’ म्हणतो, तिथे इंग्रजीत ‘डिटर्मिन्ड’ हवं. ‘स्टबर्न’, ‘ऑब्स्टिनेट’, ‘हेडस्ट्राँग’ हे शब्द हट्टासाठी ठेवा. मुलाखतीत ‘आय अ‍ॅम अ स्टबर्न पर्सन’ म्हणालात, तर समोरचा माणूस तुम्हाला कामावर घेताना दहादा विचार करेल.

एकच शब्द, दोन कामं

‘डिटर्मिनेशन’चा अर्थ विचारला की वर्ग एका सुरात ‘निश्चय’ म्हणतो. हे अर्धंच उत्तर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलं उताऱ्यांमध्ये गुण घालवतात. हा शब्द लॅटिनमधून आला. ‘टर्मिनस’ म्हणजे हद्द, सीमा. रेल्वेचं टर्मिनस त्याच घरातलं. शेताच्या हद्दीवर दगड रोवला की इथपर्यंत आपलं, पुढे शेजाऱ्याचं. डिटर्मिन करणं म्हणजे मुळात असा दगड रोवणं, काहीतरी पक्कं ठरवणं. स्वतःच्या मनात दगड रोवला तर तो निर्धार. किंमत, वय किंवा तापमान ठरवलं तर ते निर्धारण. इंग्रजीने दोन्ही कामं एकाच शब्दाकडून करून घेतली. आपल्याकडे मूळ एकच असूनही शब्द दोन झाले, ही मराठीची श्रीमंतीच म्हणायची.

म्हणून शब्दाच्या मागेपुढे काय आहे ते बघा. पुढे ‘ऑफ’ आणि एखादी मोजायची गोष्ट आली, तर बहुतेक वेळा निश्चयाचा संबंध नसतो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकातलं ‘डिटर्मिनेशन ऑफ मेल्टिंग पॉइंट’ म्हणजे वितळणबिंदू काढणं. ‘सेक्स डिटर्मिनेशन’ म्हणजे लिंगनिदान. १९९४ चा कायदा त्याच्याच गैरवापराला आळा घालण्यासाठी झाला. ‘सेल्फ-डिटर्मिनेशन’चं भाषांतर एकाने ‘आत्मनिश्चय’ केलं होतं. राज्यशास्त्रात तो स्वयंनिर्णय, म्हणजे आपला कारभार आपण ठरवण्याचा जनतेचा हक्क. आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १११ मधलं ‘डिटर्मिनेशन ऑफ लीज’ म्हणजे भाडेपट्टा संपणं. हद्द आली, संपलं. मूळ अर्थ लक्षात असला की हेही अवघड वाटत नाही.

‘च’चं भाषांतर ‘ओन्ली’ नको

आपला निर्धार आपण एका अक्षरात सांगतो: ‘मी जाईनच.’ अहिराणीत ‘मी जासूच.’ तो ‘च’ मुलं इंग्रजीत ‘ओन्ली’ करून नेतात, ‘आय विल गो ओन्ली.’ ऐकणाऱ्याला वाटतं, हा फक्त जाणार, बाकी काही करणार नाही. निर्धार सांगायचा तर ‘आय अ‍ॅम डिटर्मिन्ड टू गो.’ इथे ‘डिटर्मिन्ड’नंतर ‘टू’ आणि साधं क्रियापद येतं. ‘डिटर्मिन्ड फॉर गोइंग’ चालत नाही. ‘आय अ‍ॅम डिटर्मिन’ही नाही, शेवटचा ‘ड’ बोलताना गिळला जातो आणि मग लिहितानाही गळतो.

उच्चार ‘डिटर्मिन’, जोर ‘टर्’वर. स्पेलिंगच्या शेवटी खाणीचा ‘माइन’ दिसतो म्हणून ‘डिटरमाइन’ म्हणू नका. ‘एक्झॅमिन’ला आपण कुठे ‘एक्झॅमाइन’ म्हणतो? आणि ‘डिटर’ हा वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ परावृत्त करणं, म्हणजे जवळजवळ उलट.

जवळचे शब्द, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत

‘रिझॉल्व्ह’ म्हणजे निर्धार आणि तंटा मिटवणंही. ‘रिझोल्यूशन’ नववर्षाचं असेल तर संकल्प, सभेचं असेल तर ठराव. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचं ‘रिझोल्यूशन’ झालं, त्याला ‘संकल्प’ लिहिलंत तर इतिहासाच्या पेपरात अर्थ बिघडतो.

‘डिसिजन’ म्हणजे निर्णय, तो क्षणात होतो. ‘डिटर्मिनेशन’ त्यानंतर टिकावं लागतं. ‘पर्सिव्हरन्स’ ही अडचणी सोसून केलेली चिकाटी, हा शब्द नेहमी चांगल्याच अर्थाने येतो. ‘पर्सिस्टंट’ मात्र जपून वापरा, कारण खोकलाही ‘पर्सिस्टंट’ असतो. ‘विलफुल’ पाहून इच्छाशक्ती आठवते, पण ‘विलफुल डिफॉल्टर’ म्हणजे ऐपत असून जाणूनबुजून कर्ज थकवणारा.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वही परत आणली. जुनं वाक्य खोडून खाली नवं लिहिलं होतं, न विचारता ‘नॉट’ची जागाही बरोबर साधली होती: ‘शिरीषकुमार वॉज डिटर्मिन्ड नॉट टू लेट गो ऑफ द फ्लॅग.’