ओणम कधी धरायचा आणि घरी कसा करायचा

केरळच्या ओणम सणाची तारीख दरवर्षी बदलते आणि सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी चार जण चार तारखा टाकतात. गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ओणम एका दिवसाचा नाहीच. मुख्य दिवस तिरुओणम, तो आधी पक्का करा, बाकी सगळं त्यावरून मागेपुढे मोजायचं.

मल्याळी कॅलेंडर सूर्यावर चालतं. सूर्य सिंह राशीत गेला की चिंगम महिना लागतो, म्हणजे साधारण १७ ऑगस्टपासून पुढचा महिनाभर. ह्या महिन्यात ज्या दिवशी श्रवण नक्षत्र, तो तिरुओणम. आपल्या कालनिर्णयवरून ताडायचं असेल तर तो नेहमी शुद्ध एकादशी ते पौर्णिमा ह्याच पट्ट्यात येतो, म्हणून एक तर राखीपौर्णिमेच्या आसपास नाहीतर थेट गणपतीत, अनंत चतुर्दशीच्या तोंडावर. २०२३ ला २९ ऑगस्ट होता, दुसऱ्याच दिवशी राखी. २०२५ ला ५ सप्टेंबर, दुसऱ्या दिवशी विसर्जन. २०२६ ला २६ ऑगस्टला आहे, म्हणजे गणपती यायच्या बरंच आधी, त्यामुळे ह्या वेळी फुलांच्या भावाचं टेन्शन जरा कमी असेल.

सुरुवात होते अत्तमपासून, म्हणजे हस्त नक्षत्र. मग चित्रा, स्वाती, विशाखा असं करत दहावा तिरुओणम. पण पंचांग बघूनच मोजा हां, एखादं नक्षत्र लांबलं की दहाचे अकरा होतात, २०२५ मध्ये अत्तम २६ ऑगस्टला होता, मोजून बघा. अजून एक गोंधळ असा की मल्याळी माणूस "पहिला ओणम" म्हणाला तर तो उत्राडम, म्हणजे तिरुओणमच्या आदला दिवस. तिरुओणम हा दुसरा ओणम, आणि पुढे तिसरा, चौथा. जेवायला बोलावलं असेल तर सरळ तारीख विचारून घ्या.

अंगणातली फुलांची रांगोळी, पूक्कळम, अत्तमला सुरू करायची आणि रोज वाढवत न्यायची. पहिल्या दिवशी मोठा गोल काढून मोकळं व्हायचं नाही, छोटा काढायचा, पारंपरिक घरांत तर त्या दिवशी लाल फूल टाळतात. तुंबा नावाचं बारीक पांढरं रानफूल मानाचं, ते शहरात कुठून मिळणार, शेवंती, झेंडू आणि तुळशीवर भागवा. ऑफिसात एकाच दिवशी वीस किलो फुलं ओतून लोगो काढतात तो प्रकार वेगळा, त्याला माझी हरकत नाही पण दहा दिवस रोज सकाळी थोडं थोडं करण्यात जी मजा आहे ती त्यात नाही. हे सगळं महाबलीच्या स्वागतासाठी. आपण पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतो ना, तोच बळीराजा, फक्त केरळात तो चिंगममध्ये प्रजेला भेटायला येतो. त्याला पाताळात धाडणारा वामनही तिथे पूजेला असतोच, कोचीजवळ तृक्काक्करा इथे वामनाचं मोठं देऊळ आहे आणि ओणमचा उत्सव तिथे जोरात असतो.

आता सद्या. हे दुपारचं जेवण आहे, रात्रीसाठी ठेवू नका. इंजी पुळी (आलं, चिंच, गूळ) आणि लिंबाचं लोणचं दोन दिवस आधी करून ठेवा, मुरलं की जास्त छान लागतं. केळ्याचे वेफर्स आणि गुळात घोळवलेली शर्करा वरट्टी सरळ विकत आणा, घरी तळत बसलात तर बाकीचं राहून जाईल. केळीची पानं आणि नेंद्रन (केरळातली लांब, जाड केळी) मुंबईत माटुंग्याला मिळतात पण उत्राडमच्या दिवशी जाऊ नका, सगळे तेव्हाच खरेदीला पळतात, ह्या धावपळीला मल्याळीत नावच आहे, उत्राडप्पाच्चिल.

एकच भाजी मनापासून करणार असाल तर अवियल करा. सुरण, कच्चं केळं, कोहळा, पडवळ, शेवगा, गाजर, फरसबी, सगळं बोटाएवढं लांब चिरायचं, चौकोनी फोडी नकोत. हळद, मीठ आणि अगदी थोडं पाणी घालून झाकण ठेवून वाफेवर शिजवायचं, सुरण आधी, पडवळ शेवटी, नाहीतर लगदा होतो. ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची जाडसर वाटून घालायचं, मग आंबटसर दही, आणि दही घातल्यावर उकळी आणायची नाही. आणि फोडणी नाही! आपला हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो, त्याला आवरा. गॅस बंद करून वरून कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता, लगेच झाकण, पाच मिनिटं हात लावू नका. त्या वासावरच जेवणारे गोळा होतात.

पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, वेफर्स, लोणची डावीकडून वाढत यायची, मग तोरन (खोबरं घातलेली कोरडी भाजी), ओलन (नारळाच्या दुधातला कोहळा), अवियल, कूट्टुकरी (हरभरे-खोबऱ्याची भाजी) असं उजवीकडे, भात शेवटी. भातावर आधी वरण-तूप आणि पापड चुरून, मग सांबार, मग पायसम (खीर), आणि पायसम झाल्यावर परत थोडा भात घेऊन रसम किंवा ताक. गोडानंतर आंबट, हे आपल्याला विचित्र वाटतं पण अडा प्रधमनच्या (गूळ आणि नारळाच्या दुधातलं पायसम) दोन वाट्यांनंतर तेच लागतं. पायसममध्ये केळं किंवा पापड कुस्करतात, नाकं मुरडू नका. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. सद्या शाकाहारी असते पण उत्तर केरळात बऱ्याच घरी ओणमला चिकन, मासे पण असतात, तेव्हा तिथे पानात ते दिसलं तर दचकू नका.

केरळला जाऊनच बघायचं असेल तर काय बघायचंय त्यावरून तारीख ठरवा. अत्तमला कोचीजवळच्या तृप्पुणित्तुराची अत्तच्चमयम मिरवणूक, चौथ्या ओणमला त्रिशूरला पुलिकळी, अंगभर वाघ रंगवलेले ढेरपोटे लोक नाचतात. आरन्मुळाची होड्यांची शर्यत तिरुओणमनंतर उत्तरा भाद्रपदा नक्षत्राला, पंपा नदीवर. आलप्पुळाची नेहरू ट्रॉफी वेगळी, ती नक्षत्रावर ठरत नाही, तिची तारीख बघूनच तिकीट काढा. आणि तिरुओणमच्या दिवशी तिथे पोचू नका, दुकानं, छोटी हॉटेलं बरीच बंद असतात, सगळे घरी जेवत असतात, आदल्या दिवशी पोचा आणि हॉटेलवाल्याला सद्या आहे का ते बुकिंग करतानाच विचारा.