एमएसचं औषध मापाचं कसं करून घ्यायचं: गावात राहणाऱ्यांसाठी

माह्या ताईला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, चार वर्षं झाली. आम्ही राहतो यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, न्यूरोलॉजिस्टला दाखवायचं म्हणजे नागपूर नाहीतर सेवाग्राम-सावंगी. आता ओळखीतून फोन येत राहतात, कोणाच्या सुनेला निघालं, कोणाच्या पोराला निघालं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ताईला कोणती गोळी चालू आहे ते सांगा, तीच आणतो. नका आणू बाप्पा! मोठ्या हॉस्पिटलात ज्याला पर्सनलाईज्ड मेडिसिन म्हणतात त्याला ताई म्हणते मापाचा ब्लाऊज, दुसरीचा घातला तर एकतर उसवतो नाहीतर लोंबतो. पण मग शिंप्याला माप द्यावं लागते ना, ते माप कसं द्यायचं तेवढंच लिहून राहिलो. औषध डॉक्टरच ठरवतील.

रोग थोडक्यात असा की नसांवर वायरीच्या प्लास्टिकसारखं आवरण असते, मायलिन म्हणतात, आणि आपल्याच शरीराची इम्युनिटी ते कुरतडते. मोटारपंपाची वायर उंदरानं कुठं कुरतडली त्यावर काय बंद पडेल ते ठरते, तसंच इथं मेंदूत, मणक्यातल्या नसेत की डोळ्याच्या नसेत त्यावर प्रत्येकाचा त्रास वेगळा. ताईचं सुरू झालं कापूस वेचताना, बोंड हातात यायचं पण बोटाला समजायचं नाही. तालुक्याला दाखवलं तर कंबरेत गॅप आहे म्हणे, आठ महिने पट्टा आणि दुखण्याच्या गोळ्या. मग मान खाली केली की पाठीतून करंट जायला लागला. मग एक दिवस गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, ती उजव्या डोळ्यावर पदर धरून म्हणते, "काऊन रे, यंदाच्या मिरच्या फिक्या दिसून राहिल्या?" मिरच्या लालबुंद होत्या. डाव्या डोळ्याची नस सुजली होती, आणि त्यात लाल रंगच आधी फिका पडतो हे आम्हाला नागपूरला गेल्यावर कळलं. तुम्हाला असं काही झालं असेल तर तारखेसकट लिहून काढा, कारण डॉक्टर हेच विचारतात, आधी कधी काय झालं होतं, किती दिवस राहिलं, आपोआप गेलं का. आम्ही लग्नं आणि पेरण्या आठवून आठवून तारखा जुळवल्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रोग नक्की एमएसच आहे का याला. याच्यासारखाच दिसणारा दुसरा रोग आहे, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), त्यात पण डोळा आणि मणक्यातली नस जाते, पण औषध वेगळं, आणि एमएसची काही औषधं म्हणजे इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब त्या रोगात दिली तर पेशंट अजून बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. त्यासाठी रक्ताच्या दोन टेस्ट असतात, ॲक्वापोरिन-४ अँटीबॉडी आणि मॉग अँटीबॉडी (ही अशाच दिसणाऱ्या आणखी एका रोगासाठी). कोणाला कोणती लागते ते डॉक्टर सांगतील, आपण फक्त विचारायचं, साहेब ही झाली का, आणि लॅबला विचारायचं की सेल-बेस्ड पद्धतीनं करता का, ती जास्त भरवशाची. ताईच्या दोन्ही निगेटिव्ह आल्या, पण रिपोर्ट येईपर्यंत दहा दिवस औषधासाठी थांबलो ते बरंच झालं असं मला अजून वाटते. कंबरेतलं पाणी काढायला पण घाबरू नका, आमच्याकडं पाणी काढलं की माणूस लुळा होतो असं पसरलेलं आहे, ताईचं एक दिवस डोकं दुखलं बस. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (इम्युनिटीनं बनवलेल्या अँटीबॉडीच्या पट्ट्या) सापडले तर एमएसच्या बाजूनं पुरावा भक्कम होतो.

मग प्रकार विचारा. येऊन-जाऊन असणारा, म्हणजे अटॅक येतो, बरं वाटते, पुन्हा येतो, की सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणारा. बहुतेक औषधं पहिल्या प्रकारावरची आहेत, दुसऱ्यासाठी ऑक्रेलिझुमॅब हे अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध.

आता जीन टेस्टबद्दल, कारण पर्सनलाईज्ड म्हटलं की लोकांना वाटते थुंकी पाठवली की कॉम्प्युटर गोळीचं नाव सांगते. एमएसमध्ये तसं नाही. ठळक उदाहरण म्हणाल तर सिपोनिमॉड नावाची गोळी, ती द्यायच्या आधी सीवायपी२सी९ हा जीन पाहतात, एका प्रकारच्या लोकांना रोज २ ऐवजी १ मिलिग्रॅम आणि एका प्रकारात द्यायचीच नाही. बाकी औषधांचं माप साध्या टेस्टवरूनच निघते. कोणी तुम्हाला एमएससाठी म्हणून महागडं जीन पॅकेज विकत असेल तर आधी विचारा की रिपोर्टनं कोणतं औषध बदलणार आहे. उत्तर नसलं तर तो पैसा एमआरआयला ठेवा.

साध्या टेस्ट म्हणजे अशा. रिटुक्सिमॅब द्यायचं तर हिपॅटायटिस-बी आधी पाहायलाच पाहिजे, सुप्त असला तरी उसळतो. इम्युनिटी दाबणाऱ्या कोणत्याही औषधाआधी टीबीचं बघून घेतात, आपल्याकडं घरात कोणाला ना कोणाला होऊन गेलेला असतोच, लाज न धरता सांगा, आम्ही आबांचा टीबी आधी लपवला होता. फिंगोलिमॉडला ईसीजी, कांजण्यांची अँटीबॉडी, आणि पहिली गोळी दवाखान्यात घेऊन सहा तास नाडीवर नजर, मग तीन-चार महिन्यांनी डोळ्याचा पडदा तपासायचा. नॅटालिझुमॅबला जेसी व्हायरसची टेस्ट (त्या औषधावर हा व्हायरस मेंदूत इन्फेक्शन करू शकतो), आणि तीही एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. टेरिफ्लुनोमाईडला लिव्हर, डायमिथाइल फ्युमरेटला रक्तातले लिम्फोसाईट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी (आणि ती गोळी जेवूनच घ्या, उपाशीपोटी अंग लालेलाल होते).

पण रिपोर्टात न दिसणारं माप आपल्यालाच सांगावं लागते. मूल पाहिजे का हे पहिलं. सासूसमोर बाई बोलत नाही, म्हणून डॉक्टरकडं तिला एकटीला दोन मिनिटं बोलू द्या, कारण टेरिफ्लुनोमाईड गरोदरपणात चालतच नाही आणि बंद केल्यावरही शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकते, धुवून काढायला वेगळं औषध घ्यावं लागते. घरी फ्रिज आहे का, लाईट किती तास राहते हे पण सांगा. इंटरफेरॉनची सुई २ ते ८ डिग्रीत ठेवायची, ग्लॅटिरामर महिनाभर बाहेर चालते पण ३० डिग्रीपर्यंतच, आणि मे महिन्यात आमच्या घरात रात्रीसुद्धा ३० च्या खाली उतरत नाही. ताईला शेवटी रिटुक्सिमॅब दिलं, सहा महिन्यांतून एकदा दवाखान्यात जायचं, घरी ठेवायचं काही नाही. एमएससाठी त्याला अधिकृत मंजुरी नाही पण जगभर वापरतात, आणि डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी घातलं, क्लॅड्रिबिन आणि ग्लॅटिरामर सोबत. आणि गुळवेलाचा काढा, इम्युनिटी वाढवायची पावडर जे काही चालू असेल ते सांगा. इथं इम्युनिटीच चावून राहिली आहे, तिला अजून खुराक कशाला, आणि गुळवेलानं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

औषध लागलं की ते लागू पडते का हे घरी मोजायचं. आम्ही अंगणात चुन्यानं दोन रेघा मारल्या, मध्ये २५ फूट. महिन्यातून एकदा सकाळी चहाच्या आधी ताई जमेल तेवढ्या जोरात पण सांभाळून चालते आणि भाचा मोबाईलवर सेकंद मोजतो. हीच टेस्ट दवाखान्यातही करतात, वेळ २० टक्क्यांनी वाढला तर त्याला अर्थ आहे, म्हणजे ८ सेकंदांचे पावणेदहा झाले तर डॉक्टरला फोन. वहीत तारीख, सेकंद, आणि त्या दिवशी ताप होता का, झोप झाली का, एवढंच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो कारण विदर्भात याच्यावरच सगळे फसतात. अंग तापलं की जुनीच लक्षणं वर येतात, डोळा अंधुक, पाय जड. याला उथॉफ म्हणतात, त्या डॉक्टरनं १८९० मध्ये लिहून ठेवलेलं आहे. नवीन अटॅक नसतो तो, थंडावलं की तासाभरात उतरते. पहिल्या मे महिन्यात आम्ही ४५ डिग्रीत गाडी करून ताईला नेलं, अटॅकवर देतात त्या स्टेरॉईडच्या सलाईनची तयारी करून, आणि वेटिंगच्या एसीत बसल्या बसल्या ती म्हणते, "दिसून राहिलं न आता." गाडीचे साडेपाच हजार गेले. आता ओला दुपट्टा, कूलर, शेतात गेलीच तर नऊच्या आत घरी. नवं लक्षण २४ तासांच्या वर टिकलं आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नसलं तर मात्र थांबायचं नाही.

पैशाचं: दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर जनआरोग्य योजनेत काय बसते ते औषधाचं नाव सांगून विचारा. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एमएसचं नाव आहे, त्यामुळं यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज करा, जिल्हा रुग्णालयात तपासणीला बोलावतात. खिडकीवरचा माणूस म्हणाला हात-पाय तर दिसते चांगले, तर भांडू नका, एमआरआय दाखवा. एमआरआय शक्यतो दरवेळी त्याच मशीनवर करा नाहीतर जुन्या-नव्याची तुलना नीट होत नाही, आणि फिल्मसोबत सीडी मागून घ्या. आमची पहिली सीडी एसटीत गर्दीत मोडली, आता ताई उशीच्या खोळीत दोन वह्यांच्या मध्ये घालून नेते, एक कॉपी भाच्याच्या पेनड्राईव्हवर.