नाताळची कार्डं: आधी नाव, मग रंग

गेल्या वर्षी वसईतल्या आमच्या धर्मशिक्षणाच्या छोट्या वर्गात, म्हणजे चार ते सात वर्षांच्या मुलांकडून, मी नाताळची ३१ कार्डं करून घेतली. त्यातल्या तिघांनी आपणहून नावं घातली होती. बाकीच्या २८ कार्डांवर काहीच नव्हतं. मुलं कार्डं टाकून घरी गेली, मी ती हॉलच्या बाकांवर वाळत घातली आणि पुढच्या रविवारी वाटायला बसले तेव्हा कोणतं कोणाचं हे मला सांगता येईना. मुलांनाही येईना. म्हणून यंदाची यादी लिहून ठेवतेय, आणि तिच्यात पहिली वस्तू पेन्सिल आहे.

पेन्सिल. टोक काढलेली. रंगाच्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी, फेविकॉल ओतण्याआधी, मुलांच्या हातात कार्ड जाण्याआधीसुद्धा, प्रत्येक कार्डाच्या पाठीवर खाली उजव्या कोपऱ्यात मुलाचं पूर्ण नाव. नुसतं पहिलं नाव चालत नाही. आमच्या वर्गात एकाच नावाची तीन मुलं आहेत, आणि डिमेलो, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावं तर प्रत्येक आळीत. तेव्हा मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि त्याखाली कार्ड कोणासाठी आहे ते: आजी, पप्पा, शेजारची आंटी. स्केचपेनने लिहू नका, शाई झिरपून पुढच्या बाजूला येते. चिकटपट्टीचं लेबलही नको, ओल्या हातांनी ते निघतं आणि दुसऱ्याच्याच कार्डाला जाऊन चिकटतं. पेन्सिलच.

आता कागद. ए-४ मापाची जाड कार्डशीट आणा, २०० ते २५० जीएसएमची (हे कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप). दुकानदार साधा झेरॉक्सचा कागद पुढे करील, तो घेऊ नका, रंगाने पापडासारखा वळतो. एक शीट मधोमध कापली की दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा दुमडला की साधारण १०.५ बाय १४.८ सें.मी.चं कार्ड मिळतं. लहान हातांना तेवढंच पुरे. मोठं कार्ड दिलं तर मूल एका कोपऱ्यात तारा काढतं आणि ‘झालं’ म्हणतं. ३० मुलांना १५ शीट लागतात. पण २० आणा, कारण दोघंतिघं पहिलं कार्ड फाडणार आणि दोघांना धाकट्या भावंडासाठी जास्तीचं हवं असणार.

कापणं आणि दुमडणं आदल्या रात्री घरी करून टाका. वर्गात नाही. जाड कागद नुसता हाताने दुमडला की घडी तडकते, म्हणून संपलेल्या रिफिलने पट्टी धरून आधी रेघ दाबून घ्या आणि मग त्या रेघेवर दुमडा. आणि दुमडून झालं की तिथेच, त्याच बैठकीत, पाठीवर नावं लिहा. हजेरीपट घरी आणा आणि त्यावरून उतरवा. हे काम सकाळी वर्गात करू म्हटलं तर होत नाही. मी तसंच म्हटलं होतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लांबली, मुलं भुकेजली, पालक दारात उभे, आणि नावं राहिली ती राहिलीच.

कोऱ्या कार्डावर नाव घालण्याचं आणखी एक कारण आहे. चार वर्षांच्या मुलाला पुढची बाजू कोणती, मागची कोणती हे कळत नाही. ते कार्ड उलटंसुलटं फिरवतं आणि निम्मं चित्र पाठीवर काढतं. पाठीवर नाव आणि पुढे वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसा तारा असला की तुम्ही एवढंच सांगायचं, ‘तारा आपल्याकडे.’ मुलं लगेच ऐकतात.

कात्री बोथट टोकाची. वर्तमानपत्र. ओली फडकी, जितकी मिळतील तितकी.

कपड्यांचं मात्र आवर्जून सांगते. रविवारी मुलं चर्चचे चांगले कपडे घालून येतात. पालकांना आधीच्या रविवारीच निरोप द्या की वडिलांचा जुना शर्ट पाठवा. तो उलटा, बटणं पाठीमागे येतील असा घालायचा आणि बाह्या दुमडून रबर लावायचे. पोस्टर कलर सुती कपड्यावरून लगेच धुतला तर बराचसा जातो, पण स्टॅम्प पॅडची शाई जात नाही. म्हणून अंगठ्याचे ठसे उठवायचे असतील तर स्टॅम्प पॅड आणूच नका. बशीत भांडी घासायच्या स्पंजचा ओला तुकडा ठेवा, त्यावर चमचाभर पोस्टर कलर पसरा. अंगठा त्यावर टेकवायचा, कागदावर टेकवायचा, उचलायचा. मुलं अंगठा घासतात, त्यांना एकदा तुमचा हात त्यांच्या हातावर ठेवून दाखवा. तीन ठसे शेजारी शेजारी उठवले की तीन मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी पुरुष, होतात, वर पेन्सिलीने मुकुट काढायचा. (शुभवर्तमानात मागी किती होते ते सांगितलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस ही तीन दानं, म्हणून आपण तिघं धरतो. एखाद्या मुलाने पाच काढले तर खोडू नका.)

बर्फाचं चित्र देऊ नका, ही माझी विनंती आहे. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, गोठा पाहिलाय. गोठ्याच्या छपरासाठी केळीची सुकलेली सोपटं आणा. आमच्याकडे वाडीत ती हवी तेवढी मिळतात. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवा. त्या दोन पट्ट्या तिरक्या चिकटवल्या की छप्पर झालं. गव्हाणीत घालायला पेंढ्याच्या बोटभर काड्या घ्या, पण मोठ्या माणसाने त्या आधी हाताखालून घालवायच्या, कारण टोकं बोटात शिरतात. कापूस आणाच, पण तो मेंढ्यांसाठी. वाटाण्याएवढा बोळा हातावर फिरवायचा, फेविकॉलच्या ठिपक्यावर ठेवायचा, खाली चार रेघा ओढायच्या, झाली मेंढी. गेल्या वर्षी एका मुलीने अशा अकरा मेंढ्या लावल्या होत्या आणि मेंढपाळाला जागाच उरली नव्हती.

सुटी चमकी नको. डोळ्यात जाते, हॉलच्या फरशीवरून महिनाभर हलत नाही. त्याऐवजी कपाळाला लावायच्या टिकल्या घ्या, सोनेरी आणि लाल. मागून गोंद लावलेलाच असतो, मुलांना सोलून लावायला आवडतं आणि बोटांना कामही होतं. बारीक मणी आणि मोती मुळीच नकोत. तीन वर्षांचं धाकटं भावंड बरोबर येतंच, आणि ते पहिल्यांदा तोंडात काय घालील तर मणी.

फेविकॉल बाटलीतून देऊ नका, बाटल्यांच्या झाकणांत थोडा थोडा ओता आणि आइसक्रीमच्या काड्या द्या. घरची कणकेची खळ स्वस्त पडते खरी, पण तिला मुंग्या आणि झुरळं लागतात. आजीच्या कपाटात वर्षभर राहणाऱ्या कार्डाला ती नको. आणि हॉलचे पंखे बंद करा. सोपटं, कापूस, ताऱ्यांचे तुकडे, सगळं एका झोतात टेबलाखाली जातं आणि मग कोणाचं काय यावरून रडारड. कार्डही उडतं. उडालेलं कार्ड पाठीवरचं नाव बघून परत देता येतं, नाव असेल तर.

अक्षरांचं काय करायचं हे आधी ठरवा. ‘नाताळच्या शुभेच्छा’ लिहा म्हणून फळ्यावर लिहून दिलंत तर पहिलीतलं मूल ‘शुभे’पर्यंत येतं आणि ‘च्छा’पाशी अडकून रडकुंडीला येतं. लहान मुलांनी फक्त ‘नाताळ’ लिहायचं. ना, ता, ळ. हा ‘ळ’ मुलं फार मन लावून काढतात, कोणी दोन वाटोळ्यांचा चश्मा करतं, कोणाचा आडवा पडतो. राहू द्या तसाच. ‘शुभेच्छा’ मोठ्या मुलांनी आत लिहून द्यायचं. पुढे तुम्ही सुंदर अक्षरात काही लिहू नका, नाहीतर ते तुमचं कार्ड होतं.

मदतीला आठवी-नववीची मुलं घ्या, पाच लहानांमागे एक. त्यांना एकच काम पक्कं सांगा: कार्ड हातात घेतलं की आधी पालथं करून नाव बघायचं, नाव नसेल तर रंग द्यायचा नाही. हे मी यंदा त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. जास्तीची कार्डं, फाटलं म्हणून बदलून दिलेलं कार्ड, उशिरा आलेल्या पाहुण्या मुलाचं कार्ड, हीच बिननावाची राहतात. बदलून दिलेल्या कार्डावर नाव घालायला सगळे विसरतात.

मी इतकं का सांगतेय ते आता सांगते. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील बोटीवर होते आणि नाताळाच्या दोन-तीन दिवस आधी घरी यायचे होते. त्याने गोठ्याच्या शेजारी चॉकलेटच्या निळ्या चांदीची होडी करून चिकटवली होती. घडी इतकी दाबली होती की चांदी एका बाजूला फाटली होती, तिथे त्याने टिकली लावली. मी ते कार्ड वाळत घालताना पाहिलं होतं आणि छान आहे असं मनात म्हटलंही होतं. कोणाचं आहे ते लिहिलं नाही. पुढच्या रविवारी तो मुलगा उशिरा आला, तोपर्यंत ते कार्ड दुसऱ्या कोणीतरी आपलं म्हणून नेलं होतं. त्याला मी उरलेल्यांतलं एक दिलं. त्याने ते बघितलं, उघडलं, पुन्हा मिटलं आणि म्हणाला, ‘टीचर, हे माझं नाही.’ रडला नाही. मी चार घरी फोन केले, होडीचं कार्ड मिळालं नाही. नंतर त्याच्या आईने सांगितलं की त्याने वहीचं पान फाडून घरी दुसरं केलं, पण त्यात होडी काढली नाही.

अर्धा मिनिट लागतं एक नाव लिहायला. ३१ नावांना पाव तास.

वेळेचं बघा. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार असतात, त्यातला पहिला कार्डांना द्या आणि दुसरा वाळलेली कार्डं पुरी करायला. तिसऱ्या-चौथ्या रविवारी नाटकाच्या तालमी आणि गोठ्याची तयारी सुरू होते, तेव्हा कार्डांना कोणी विचारत नाही. एका बैठकीत ही लहान मुलं २० मिनिटं नीट बसतात, फार तर २५. त्यापुढे ओढू नका. जे राहिलं ते दुसऱ्या रविवारी.

चिकटवून झालं की हात धुवायला रांग लावायची आणि मगच खाऊ. रांगेत थांबलेल्या मुलांना गोष्ट सांगायला मला आवडतं. छापलेलं पहिलं नाताळकार्ड लंडनमध्ये १८४३ साली निघालं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना इतक्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि सुमारे हजार प्रती छापल्या. मधोमध टेबलाभोवती कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे देणारी माणसं. मुलं विचारतात, हजार कार्डांवर त्यांनी अंगठे कसे उठवले?

वाळवणं. सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा. चिमटा लावताना प्रत्येक कार्ड पालथं करून नाव बघा, ही शेवटची संधी. फेविकॉल पांढरा दिसतोय तोवर हात लावायचा नाही, आरपार दिसायला लागला की वाळला. कापसाखाली तो रात्रभर ओला राहतो, म्हणून कार्डं एकावर एक रचू नका.

पाकिटं: आधी आणा, एक कोरं कार्ड घालून बघा. आहेराच्या अरुंद पाकिटात हे कार्ड जात नाही. टपालाने जायची असतील त्यांच्यावर सोपटं नकोत, फुगतात. वजन पोस्टाच्या काउंटरवर करून मगच तिकीट लावा. परदेशातली डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात टाका.

पाकिटावरचं नाव आणि कार्डाच्या पाठीवरचं नाव ताडून बघा. मग बंद करा.

झाडू, कचऱ्याची पिशवी, पंखे परत चालू. पेन्सिली बारा तरी असू द्यात, आणि एक हजेरीपटाला दोऱ्याने बांधून.