विंडोज ११ मधला नको असलेला पसारा कसा काढावा, आणि कशाला हात लावू नये

ठाण्यातल्या हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसात किंवा वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्यावर जो कॉम्प्युटर असतो, त्याचं काम ठरलेलं असतं: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, मीटिंगची नोटीस, बँकेची साइट, प्रिंट आणि स्कॅन. विंडोज ११ मात्र सोबत एक्सबॉक्स, सॉलिटेअर, बातम्या, क्लिपचॅम्प, कोपायलट असं बरंच काही घेऊन येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेकांची मशीन ११ वर गेली, तेव्हा हा पसारा आणखी डोळ्यांवर आला. तो काढता येतो, पण बाहेरून आत, एकेक थर, आणि प्रत्येक थरानंतर रीस्टार्ट करून. खालची मेनूंची नावं २४एच२ आवृत्तीप्रमाणे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सॉलिटेअर कधी उघडलंच नसेल तर ते रॅम खात नाही, डिस्कवर थोडी जागा अडवतं इतकंच. मशीन जड होतं ते चालू होतानाच मागे उठणाऱ्या प्रोग्राम्समुळे. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करा. मशीन रीस्टार्ट करून पाच मिनिटं काही न उघडता थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'इन यूज'चा आकडा कागदावर लिहून ठेवा. सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे तेही लिहा.

तयारी

या मशीनवर कोणती कामं होतात त्याची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर त्याला लागणारा प्रोग्राम लिहा. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर हे यादीतून हमखास सुटतात आणि नंतर नेमके तेच अडतात.

स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. बऱ्याच मशीनवर सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बंद असतं. कॉन्फिगरमध्ये जाऊन ते चालू करा, ५ ते १० टक्के जागा द्या आणि क्रिएट दाबा. रिस्टोअर पॉइंट सिस्टिमच्या फायली आणि रजिस्ट्री मागे नेतो. तुमच्या एक्सेल शीट त्यात नसतात. त्यांची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं, तर डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. उद्या मशीन नीट सुरू झालं नाही, तर पहिली मागणी या कीचीच होते. आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळ्याच्या ऐन भरात, वीज जात-येत असताना हे काम काढू नका.

पहिला थर: साधे अ‍ॅप

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी आकाराप्रमाणे लावा. नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की अनइन्स्टॉल येतं. सॉलिटेअर, क्लिपचॅम्प, न्यूज, वेदर, एक्सबॉक्स, कोपायलट यांतलं जे वापरात नाही ते बिनधास्त काढा. पुन्हा लागलंच तर स्टोअरमधून मिळतं.

व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलच्या मात्र वाटेला जाऊ नका. २०१०, २०१३, २०१५-२०२२ अशा नोंदी पाहून एकच वस्तू चारदा बसली आहे असं वाटतं. तसं नसतं. जो प्रोग्राम ज्या आवृत्तीवर बांधला, त्याला तीच लागते. ती गेली की अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडताना डीएलएल सापडत नाही असा मेसेज येतो. वेबव्ह्यू२ रनटाइमचंही तेच, कारण नवं आउटलुक आणि टीम्स आपली खिडकी त्याच्यावरच रंगवतात. 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' काढलं, तर आयफोनवरून आलेले फोटो फोटोज अ‍ॅपमध्ये उघडत नाहीत. लॅपटॉप कंपनीचा हॉट-की किंवा टचपॅडचा प्रोग्राम काढला, तर ब्राइटनेसची बटणं बंद पडू शकतात.

चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढायचा असेल तर तेवढाच काढा आणि लगेच रीस्टार्ट करा. नंतर विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर जागा झाला आहे का ते स्वतः पाहा. झाला नसेल तर जुन्याचे अवशेष मागे राहिलेत. त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा.

विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरला आपल्याकडे अनइन्स्टॉलचं बटण मिळत नाही. युरोपात ते मिळतं, कारण तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याने ते २०२४ पासून द्यावं लागलं. जबरदस्तीने उखडायच्या युक्त्या व्हिडिओंमध्ये दिसतात, पण पुढच्या अपडेटला तो परत येतो. दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करा आणि एजचं स्टार्टअप बूस्ट बंद करा, एवढं पुरतं.

वनड्राइव्ह: सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो

वनड्राइव्ह म्हणजे फायली ऑनलाइन ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. तिचा फोल्डर बॅकअप चालू असेल, तर तुमचा 'डेस्कटॉप' प्रत्यक्षात वनड्राइव्ह फोल्डरच्या आत राहतो. त्यातल्या निळ्या ढगाचं चिन्ह असलेल्या फायली मशीनवर नसतातच, दिसते ती नुसती नावाची पाटी. अशा वेळी थेट अनइन्स्टॉल केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि ऑफिसात धावपळ सुरू होते. फायली गेलेल्या नसतात, ऑनलाइन खात्यात असतात. तरी हा प्रसंग येऊच नये म्हणून क्रम असा ठेवा:

१. वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळ्या ढगांच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत थांबा. काही जीबी डेटा असेल तर यात तास-दोन तास सहज जातात.

२. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप' उघडून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिन्ही बंद करा.

३. फायली वनड्राइव्ह फोल्डरमधून मूळ फोल्डरमध्ये कॉपी करा. मूव्ह केल्या तर ऑनलाइन प्रतीही जातात.

४. 'अनलिंक धिस पीसी' करा, दोन-चार फायली उघडून खात्री करा आणि मगच अनइन्स्टॉल करा.

दुसरा थर: विंडोजचे जोडभाग

सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स. जुन्या आवृत्तीत हे अ‍ॅप्सखाली होतं. मॅथ रेकग्नायझर, स्टेप्स रेकॉर्डर, विंडोज मीडिया प्लेअर लेगसी हे नको असतील तर काढता येतात. यादी छोटी आहे, पण मराठीत काम करणाऱ्यांना ठेच लागते ती इथेच.

'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' ही नोंद निरुपयोगी वाटते. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट तिच्यात आहेत. विंडोजच्या पडद्यावरची मराठी निर्मला फॉन्टमध्ये दिसते, त्यामुळे ही नोंद काढल्यावर पहिल्या दिवशी काहीच बिघडलेलं जाणवत नाही. मग मंगलमध्ये बनवलेली जुनी नोटीस किंवा ठराव उघडावा, तर त्या जागी दुसराच फॉन्ट आलेला असतो, ओळी खाली सरकतात, दोन पानांचं पत्र तीन पानांवर जातं आणि सही-शिक्क्याची जागा हलते. काढलंच असेल तर त्याच पानावर 'व्ह्यू फीचर्स'मध्ये शोधून परत बसवा, इंटरनेट लागेल. भाषांच्या यादीतली मराठीही ठेवा. तिच्यासोबत मराठीचे कीबोर्ड जातात.

इंटरनेट एक्सप्लोरर मोड काढण्याआधी सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आठवा. जुन्या रेकॉर्डरचं वेब पान अ‍ॅक्टिव्हएक्स या जुन्या ब्राउझर-तंत्रावर चालतं आणि ते आता फक्त एजच्या या मोडमध्येच उघडतं.

आता स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा. 'प्रिंट टू पीडीएफ' राहू द्या, नाहीतर सातबारा किंवा चलन पीडीएफ करताना अडाल. डॉट नेट ३.५ चालू असेल तर तसंच ठेवा, जुने प्रोग्राम त्यावर चालतात. काढायचंच असं एक आहे: एसएमबी १.०. या जुन्या फाइल-शेअरिंग पद्धतीतली त्रुटी मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने वापरली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनेही पसरण्यासाठी तिचा आधार घेतला, तेव्हा न्हावा-शेव्याला जेएनपीटीतल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ताज्या विंडोजमध्ये एसएमबी १.० मुळात बंदच असतं. चालू दिसलं, तर बहुधा जुन्या स्कॅनर-कॉपियरसाठी कोणीतरी मुद्दाम चालू केलेलं असतं. बंद केल्यावर त्या कॉपियरचं 'स्कॅन टू फोल्डर' थांबेल. त्याच्या मेनूत एसएमबी २ चा पर्याय किंवा नवं फर्मवेअर आहे का पाहा. नसेल तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या.

तिसरा थर: हट्टी अ‍ॅप

अनइन्स्टॉल राखाडी दिसत असेल तर आधी सिस्टिमखालच्या 'सिस्टिम कम्पोनंट्स'मध्ये बघा. तिथेही जमलं नाही तर टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा, 'विनगेट लिस्ट' द्या, यादीतलं नेमकं नाव उचला आणि 'विनगेट अनइन्स्टॉल'पुढे ते अवतरणचिन्हांत लिहा. कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

पॉवरशेलच्या 'रिमूव्ह-अ‍ॅपएक्सपॅकेज'ने अ‍ॅप फक्त चालू खात्यातून जातं. विंडोजने नव्या खात्यांसाठी राखलेली प्रत तशीच राहते. म्हणून सोसायटीत नवे सेक्रेटरी आले, त्यांचं खातं उघडलं, की सॉलिटेअर पुन्हा हजर. ती प्रत काढायला 'रिमूव्ह-अ‍ॅपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज' लागतं. दोन्ही कमांडमध्ये नावाच्या जागी नुसतं ताराचिन्ह कधीही देऊ नका, कारण त्या एका चिन्हाने फोटोज, कॅल्क्युलेटर आणि स्टोअर सगळंच एका झटक्यात जाऊ शकतं. पसारा एकदम काढणाऱ्या तयार 'डीब्लोट' स्क्रिप्टवर आमचा आक्षेप याच कारणासाठी आहे. त्या एका दमात पन्नास-शंभर बदल करतात, त्यात सर्व्हिसेसही बंद करतात, आणि आठवड्याने प्रिंट अडलं की कोणत्या बदलामुळे, ते शोधता येत नाही.

वेग खरा इथे मिळतो

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा. चॅट, मीटिंग, गेम लाँचर, अपडेटर यांतलं रोज सकाळी लगेच लागत नाही ते डिसेबल करा. अँटिव्हायरस, ऑडिओ आणि टोकनचा ड्रायव्हर सोडून द्या. मग पर्सनलायझेशनमध्ये टास्कबारवरचे विजेट्स बंद करा, आणि स्टार्टखाली शिफारशींचा पर्याय. पुन्हा रीस्टार्ट करून पाच मिनिटांनी मेमरीचा आकडा कागदावरच्याशी ताडून पाहा.

जागेसाठी सिस्टिम, स्टोरेज, 'क्लीनअप रेकमेंडेशन्स' वापरा. विंडोजच्या भागांचा साठा असलेला विनएसएक्सएस फोल्डर अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फायली इतर ठिकाणच्याच असतात आणि दोनदा मोजल्या जातात. हाताने काही डिलीट करू नका. डेस्कटॉपवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिल्यास हायबरनेशनची फाइल जाते, म्हणजे रॅमच्या साधारण ४० टक्के जागा मोकळी होते. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं. लॅपटॉपवर हे करू नका. बॅटरी संपताना उघडं काम वाचवायला तीच फाइल असते.

बिघडलंच तर

स्टोअर गेलं असेल तर 'डब्ल्यूएसरीसेट -आय' द्या आणि काही मिनिटं थांबा, ते मागच्या मागे परत बसतं. विंडोजचेच भाग अडखळत असतील तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये आधी 'डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' आणि ते संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम हाच ठेवा, कारण दुसरी कमांड दुरुस्तीचा माल ज्या साठ्यातून घेते तो साठा पहिली नीट करते. यानेही भागलं नाही तर सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' आहे. फायली, अ‍ॅप आणि सेटिंग्ज ठेवून ते विंडोज नव्याने बसवतं. वर्षातून एकदा मोठं अपडेट येतं, त्यानंतर इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स आणि स्टार्टअप या दोन याद्या पुन्हा बघा. जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाने साधारण १० दिवस राहते. त्या मुदतीत प्रिंटर, टोकन आणि रेकॉर्डर तिन्ही चालवून पाहा, म्हणजे गरज पडली तर मागे फिरता येईल.