फेरीवर नवीन आहात? पहिल्या ड्राय डॉकच्या आधी हे वाचा

हिवाळ्यात प्रवासी रोडावले की फेरी बोट ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत जाते आणि नव्या पोरांना वाटतं, आता आराम. तसं अजिबात नसतं. प्रवासी उतरतात, पण त्यांच्या जागी वेल्डर, रंगारी, फिटर आणि क्लासचे (जहाजाची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे) सर्व्हेयर येतात. बोट मात्र आपलीच असते. कोण कुठल्या कोपऱ्यात काय करतंय यावर लक्ष ठेवणं, हेच त्या काळात क्रूचं मुख्य काम.

पाणी उपसलं की बोट ब्लॉकवर, म्हणजे डॉकच्या तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर बसते. मशिनरी थंड करायला समुद्राचं पाणी मिळत नाही, म्हणून वीज किनाऱ्यावरून घेतात आणि फायर लाइनही किनाऱ्याच्या पाण्याला जोडतात. केबिन गार पडतात, टॉयलेटसाठी बरेचदा खाली उतरून जावं लागतं. गरम कपडे जास्तीचे न्या.

सगळ्यात मोठी भीती आगीची. पत्र्याच्या एका बाजूला वेल्डिंग चालतं आणि पलीकडच्या केबिनमधलं इन्सुलेशन धुमसायला लागतं. म्हणून फायर वॉचला (आगीवर नजर ठेवायला) उभं केलं तर दोन्ही बाजू बघा, आणि वेल्डर सामान आवरून गेला तरी जागा सोडू नका. आग बरेचदा त्यानंतर दिसते. टाकीत उतरायची वेळ आली तर परमिट आणि गॅस मीटर आधी, ऑक्सिजन २०.९ टक्के दिसायला हवा. कमी दिसला तर कुणीही घाई केली तरी उतरू नका.

वेळ काढून एकदा तरी बोटीखाली फिरून या, शक्यतो सेकंड इंजिनियरसोबत. सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कप्प्याच्या) जाळीत अडकलेले शिंपले, बोटीऐवजी स्वतः गंजणारे, अर्धे झिजलेले झिंकचे अ‍ॅनोड, रडरचा (सुकाणूचा) क्लिअरन्स मोजणारा फिटर: वर्षभर ज्यावर आपण उभे असतो ते तिथे हाताला लागतं. गाड्या नेणाऱ्या फेरीवर असाल तर बो डोअरची (बोटीच्या पुढच्या दाराची) रबर सील आणि लॉक तपासताना आवर्जून थांबा. १९९४ मध्ये एस्टोनिया ही फेरी बुडाली ती पुढच्या व्हायझरची (वर उचलल्या जाणाऱ्या नाकाच्या झडपेची) लॉक तुटून. ८५२ माणसं गेली. आपल्या बोटीचं लॉक उघडलेलं बघायला मिळालं तर प्रश्न विचारा, जाणती माणसं सांगतात.

तळाच्या टाक्यांचे प्लग काढले की चीफ ऑफिसर ते मोजून, खुणा करून स्वतःकडे ठेवतात. परत बसवतानाही ते स्वतः हजर असतात. टाक्यांतलं पाणी आणि तेल आलो तेव्हा होतं तसंच ठेवावं लागतं, नाहीतर ब्लॉकवरून उचलताना बोट कलते.

डॉकमध्ये पाणी सोडताना ते सी व्हॉल्व्हच्या (समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वर आलं की थांबवतात. इंजिन रूममध्ये माणसं टॉर्च घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हचा जोड बघतात, आणि सगळं कोरडं असल्याचं कळवल्यावरच पुढचं पाणी येतं. तुमच्या वाट्याला कुठले व्हॉल्व्ह आहेत ते आदल्या दिवशीच विचारून, जागेवर जाऊन बघून ठेवा.