पडद्यावर ९९ आणि हाताला वारा नाही

गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेल्या आणि कॉन्शस सेडेशन, म्हणजे रुग्ण हाकेला ओ देईल इतपतच गुंगी देणे, शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाची मात्रा, नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू देणारे यंत्र, रुग्णाची एएसए श्रेणी (भूल देण्याआधी ठरवायची प्रकृतीची प्रत) हे सारे तुम्हांला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मलाही ठाऊक होते. श्वसनाचा धडा तर मी पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी पार केला आणि तिथेच ठेवून दिला, कारण दात काढणाऱ्याला फुप्फुसांशी काय करायचे आहे, असे तेव्हा वाटत असे.

कामाच्या दुसऱ्या वर्षी एका खासगी चिकित्सालयात साठीच्या आसपासच्या एका बाईंची खालची आडवी अक्कलदाढ मी काढत होते. एक मिलिग्रॅम मिडाझोलाम दिले, पुरते थांबले नाही, दुसरे दिले, आणि चुळबुळ थांबेना म्हणून तिसरेही दिले. नाकाच्या नळीतून मिनिटाला तीन लिटर प्राणवायू चालू होता, बोटाला रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर लावलेला होता. बाई हलके घोरू लागल्या आणि थोड्या वेळाने घोरणे थांबले. जबड्यावर जोर देऊन दाढ सैल करत असताना ती शांतता मला बरी वाटली, हे लिहायला आजही जड जाते. पडद्यावर ९९ होते. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या परिचारिकेने कोणाला न विचारता आपला पालथा हात बाईंच्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, हाताला वारा लागत नाही." छाती मात्र वरखाली होत होती. अवजार बाजूला टाकले, हनुवटी उचलली, खांदा हलवून मोठ्याने हाक मारली, तेव्हा घशातून एक खरखर आली आणि श्वास मोकळा झाला. त्यानंतर, म्हणजे श्वास नीट चालू झाल्यावर, आकडा उतरू लागला: ९५, ९१, ८८. मग तो सावकाश चढला. बाई संध्याकाळी घरी गेल्या, त्यांना काही आठवत नव्हते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

इथे मी फसले ते कशामुळे, हे थोडे लांबवून सांगते. घोरणे म्हणजे अर्धी बंद झालेली वाट, आणि घोरता घोरता आलेली शांतता म्हणजे पुष्कळदा पुरती बंद झालेली वाट. छाती हलते ती स्नायू ओढ घेतात म्हणून, आत हवा जाते म्हणून नव्हे. ऑक्सिमीटर हे काहीच पाहत नाही. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वावर चालणारे हे यंत्र रक्ताचा रंग मोजते, श्वास मोजत नाही. साध्या हवेत श्वास घेताना वायुकोशांतील, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतील, प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो. श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून ८० वर गेला, तर प्राणवायूचा ५० च्या आसपास येतो आणि यंत्र लगेच ओरडते. पण नळीने आत जाणारा प्राणवायू तीस टक्के असेल, तर तेच ८० कार्बन डायऑक्साइड असतानाही प्राणवायूचा दाब ११० च्या वर राहतो आणि पडदा ९९ दाखवत बसतो. वाट पुरती बंद झाली, तरी फुप्फुसांत साठलेला प्राणवायू काही काळ पुरतो, आणि तो संपल्यावरही बदललेले रक्त बोटापर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो. म्हणजे आपण पाहतो तो आकडा मागचा असतो. प्राणवायू देऊ नये असे मी म्हणत नाही, तो द्यावाच. पण तो दिला की ऑक्सिमीटरचा पहारा ढिला होतो, हे कोणी मला इतक्या उघड शब्दांत सांगितले नव्हते. श्वास खरोखर दाखवतो तो कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र. तो नसेल तर पालथा हात, कान आणि रुग्णाशी बोलणे. हाकेला ओ येत नसेल, तर ते कॉन्शस सेडेशन राहिलेले नाही, पडदा काहीही म्हणो.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून सुई हातात घेणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही. शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे. परवानगी काढून तिथल्या भूलतज्ज्ञांच्या मागे महिनाभर उभे राहा आणि नुसती हनुवटी धरायला शिका. माझ्या मते या विषयातला गुरू दंतवैद्य नसावा, कारण आपले डोळे दाढेवर असतात. 'फ्लुमॅझेनिल (मिडाझोलामचा उतारा) आहेच की' असे सांगणाऱ्या ज्येष्ठांपासून तर लांबच राहावे. त्याचा असर मिडाझोलामच्या आधी उतरतो आणि उठून बसलेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

घाबरून मात्र हे काम सोडू नका. धडधाकट माणसाला एकेक मिलिग्रॅम देऊन, मध्ये किमान दोन मिनिटे आणि वयस्करांत त्याहून जास्त थांबून दिलेली गुंगी सुरक्षित असते, आणि बहुतेक वेळा जबडा पुढे घेऊन हाक मारली की काम भागते. नायट्रस ऑक्साइड तर त्याहून सौम्य. शेवटी काही मिनिटे निव्वळ प्राणवायू द्यायचा, एवढे विसरू नका. आपल्याकडच्या दोन गोष्टी तेवढ्या विचारून घ्या. "काही खाल्ले नाही" म्हणणाऱ्याने सकाळी पेज घेतलेली असते, कारण पेज म्हणजे जेवण नव्हे अशी त्याची समजूत असते. आणि घरी कसे जाणार, हे विचारल्यावर "पायलट करून जाईन" (म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून) असे उत्तर आले, तर सोबतीला माणूस येईपर्यंत सुई उघडू नका.

एक प्रयोग मित्राला शेजारी बसवून, खुर्चीत बसूनच करा. बोटाला ऑक्सिमीटर लावा, श्वास बाहेर सोडून सोसेल तेवढाच रोखून धरा आणि मग नेहमीसारखा घ्या. जीव कासावीस होत असताना आकडा बहुधा जागचा हलणार नाही. हलला, तर तुम्ही पुन्हा श्वास घेऊ लागल्यावर हलेल.