घराचा भाव पडला, हप्ता तोच राहिला: या चुका टाळा

२०१९ च्या उन्हाळ्यात मोशीच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला. आमच्यासारखाच टू बीएचके. आम्ही २०१४ मध्ये जेवढ्याला घेतला, त्याहून चार लाखांनी कमीला तो गेला. इंडेक्स टू (विक्रीची किंमत दाखवणारा नोंदणीचा उतारा) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि जिन्यात, पार्किंगमध्ये, किराणा दुकानात त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. त्याच महिन्यांत चाकणला गाड्यांची मागणी बसली होती. ह्यांच्या कंपनीत आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग आठवड्यातला एक दिवस कारखानाच बंद राहायला लागला. पगार घटला, घराचा भाव घटला, हप्ता मात्र पाच तारखेला वेळेवर कापला जायचा.

त्यानंतर लगेच २०२० आलं. त्या दोन वर्षांत काही चुका आम्ही केल्या, काही थोडक्यात टळल्या, काही शेजारी होताना पाहिल्या. एवढं मात्र पक्कं कळलं की भाव पडला म्हणून कुणाचं घर जात नाही, हप्ता थकला की जातं. घाबरलेला माणूस नेमका भावाच्या भीतीने असं काही करून बसतो की पुढे हप्ता भरायलाच हातात काही उरत नाही.

घाईत विकणं आणि विकायचं असून अडून बसणं

राहतं घर असेल आणि हप्ता जात असेल, तर शेजारचा फ्लॅट कितीला गेला याचा तुमच्या महिन्याच्या हिशोबाशी संबंध नाही. हप्ते वेळेवर येत असतील तर बँकही ते विचारायला येत नाही. पण घाईत विकायला काढलं की खर्चाची यादी सुरू होते. एजंटची दलाली, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (हे जास्तीत जास्त २५,००० रुपये), नव्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकलं, तर जुन्या करपद्धतीत मुद्दलावर घेतलेली आयकराची ८० सी ची वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत धरली जाते. आणि विक्रीतून बँकेची बाकी फिटत नसेल, तर फरकाची रक्कम रोख उभी केल्याशिवाय बँक कागद सोडत नाही.

उलटी चूक गुंतवणुकीच्या दुसऱ्या फ्लॅटबाबत होते. ह्यांच्या एका सहकाऱ्याने हिंजवडीच्या पुढे असा फ्लॅट घेऊन ठेवला होता. 'माझे पंचेचाळीस निघू देत, मग विकतो' असं म्हणत त्यांनी तीन वर्षं हप्ता, मेंटेनन्स आणि मिळकतकर भरला. त्या तीन वर्षांत गेलेलं व्याज धरलं, तर त्यांना परत हव्या असलेल्या पंचेचाळीस लाखांना अर्थच राहिला नव्हता. आपण किती घातले हे गिऱ्हाईक बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ओढाताण सुरू झाली की राहतं घर धरून ठेवावं आणि दुसरं आधी सोडावं, पडत्या भावात असलं तरी. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं घर तोट्यात गेलं, तर तो तोटा पुढची आठ वर्षं दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्यासाठी आयकराचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

विकायचं ठरलं तर कागद आधी तयार ठेवा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, पुढच्या मार्चपर्यंत २ टक्क्यांनी. त्या सवलतीपायी घर बघणारे अचानक वाढले. आमच्या भागात ज्यांच्याकडे सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र), बँकेचं कर्जाच्या बाकीचं पत्र आणि मिळकतकराच्या पावत्या हातात होत्या, त्यांचे फ्लॅट गेले. बाकीच्यांचे कागद गोळा होईपर्यंत मार्च उलटला.

मुदत नकळत वाढू देणं

ही चूक दिसत नाही, म्हणून सगळ्यांत महाग पडते. बदलत्या दराच्या कर्जात व्याज वाढलं की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. खात्यातून तेवढेच पैसे जातात, त्यामुळे आपल्याला वाटतं काही बदललंच नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा असंख्य घरांत हेच झालं.

हिशोब करून बघा. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता येतो साधारण २३,२६० रुपये. कर्ज नवं असताना दर ९ टक्के झाला, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं २२,५००. मुद्दलात जेमतेम साडेसातशे रुपये जातात. हप्ता तोच ठेवला तर २० वर्षांचं कर्ज ३८ वर्षांवर जातं. हप्ता २७,००० च्या आसपास नेला तर वीस वर्षांतच संपतं. म्हणजे महिन्याला पावणेचार हजार आज वाचवले, तर शेवटी चाळीस लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. चाळिशीत कर्ज घेतलेल्या माणसाने हा आकडा एकदा कागदावर लिहून समोर ठेवावा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारायचं: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं. मध्येच काही रक्कम भरायची सोयही द्यायची. दर तिमाहीला किती हप्ते उरले आणि दर किती हे विवरणपत्रात कळवायचं. ते विवरणपत्र उघडा आणि त्यात फक्त 'उरलेले हप्ते' हा आकडा गेल्या वेळेशी ताडून बघा. वाढला असेल तर शाखेत जा.

मुदत वाढवणं वाईट नाही. पगार अर्धा झाला असेल तर तोच पहिला मार्ग आहे, आम्हीही तोच घेतला. पण तो मागून घ्यावा, कधीपर्यंत ते ठरवून घ्यावा, आणि पगार सावरला की हप्ता परत वाढवावा. २०२० च्या मोरॅटोरियमलाही, म्हणजे हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीलाही, हेच लागू होतं. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. ८ टक्क्यांच्या नव्या वीस वर्षांच्या कर्जात सहा महिने थांबून पुढे हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे साधारण २६६ होतात. ज्यांना गरज होती त्यांनी घेतलं ते बरोबरच केलं. आमच्या मजल्यावर मात्र पूर्ण पगार चालू असलेल्या दोघांनी 'मिळतंय तर घेऊ' म्हणून घेतलं होतं.

आणि दर उतरत असताना झोपू नका. २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला. तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल आणि जुन्याच पद्धतीच्या दरावर असेल, तर ही घट तुमच्यापर्यंत अर्धवट आणि उशिरा येते. अर्ज करून, थोडं शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं. बँक दाद देत नसेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

हातातली सगळी रोकड मुद्दलात घालणं

ही आमची चूक. २०१८ च्या दिवाळीला बोनस आला, एक एफडी मोडायला आली होती, आणि 'कर्ज नको डोक्यावर' या ध्यासाने तीन लाख मुद्दलात भरून टाकले. शाखेतून बाहेर पडताना किती हलकं वाटलं होतं! सहा महिन्यांनी ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा खात्यात एका हप्त्यापुरते पैसे होते. मुद्दलात गेलेला पैसा परत मागता येत नाही. टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) मागितला, तर घटलेल्या पगाराच्या स्लिपा बघून बँकेने नाही म्हटलं.

शेवटी सासूबाईंनी गोठ काढून दिले. मी नको म्हणत होते, त्या म्हणाल्या, 'अगं, घर राहिलं तर गोठ पुन्हा होतील.' सराफाने दिव्यावर धरून आतली लाख वितळवली. ती काळपट लाख ताटलीत गळत होती आणि काट्यावर सोनं आम्हाला वाटलं होतं त्याहून बरंच कमी भरलं. त्या पैशांत चार हप्ते आणि मुलीची फी भागली.

म्हणून आता आमच्याकडे नियम आहे. सहा महिन्यांचा हप्ता, मेंटेनन्स, विम्याचा हप्ता आणि किराणा एवढी रक्कम वेगळ्या खात्यात आधी, मुद्दलात भरणं त्यानंतर. नोकरी डळमळीत असेल तर नऊ महिन्यांची. काही बँकांत गृहकर्जालाच ओव्हरड्राफ्ट खातं जोडून मिळतं. त्यात ठेवलेल्या पैशांवर व्याज वाचतं आणि लागला तर पैसा काढताही येतो. दर थोडा जास्त असतो, पण अशा काळात मला तो परवडणारा वाटतो.

काटकसर म्हणून टर्म इन्शुरन्स बंद करू नका. कमावतं माणूस गेलं, तर उरलेलं कर्ज घरच्यांनाच फेडायचं असतं.

हप्त्यासाठी नवं कर्ज काढणं

क्रेडिट कार्ड, मोबाईलवरचं झटपट कर्ज, ऑफिसातली भिशी लवकर उचलणं. या सगळ्यांचं व्याज गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त. घराचा हप्ता भरायला पर्सनल लोन काढलं की पुढच्या महिन्यापासून हप्ते दोन होतात. सोनं गहाण ठेवण्यापेक्षा, सोडवायला पैसे कुठून येणार हे माहीत नसेल तर सरळ विकलेलं बरं. गहाण पडलेलं सोनं शेवटी व्याजासकट जाताना मी पाहिलंय.

आणि 'सोसायटी काय करणार आहे' म्हणून मेंटेनन्स थकवू नका. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते. वर एनओसीही अडते, म्हणजे नेमकं विकायची वेळ येते तेव्हा घर अडकतं.

त्यापेक्षा घरालाच कमवू द्या. आमच्या समोरच्यांनी दीड वर्ष आपला फ्लॅट भाड्याने दिला आणि स्वतः आकुर्डीला आईकडे राहिले. मालक स्वतः राहत नसला की लागणारं बिनभोगवटा शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार मात्र नोंदवूनच करा.

बिल्डरचा राग बँकेवर काढणं

ताबा रखडलाय, भाव पडलाय, एकीकडे भाडं आणि एकीकडे हप्ता. असं असलं की वाटतं, आपण हप्ताच बंद करावा. करू नका. बिल्डरशी तुमचा करार वेगळा, बँकेशी वेगळा. महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार केली तरी हप्ता आपोआप थांबत नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. करारातली ताब्याची तारीख काढा आणि इतर खरेदीदारांना सोबत घेऊन तक्रार करा. हप्ता चालू ठेवून लढणाऱ्याचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, शाबूत राहतं.

बँकेचा फोन न उचलणं

शरमेपोटी माणूस फोन टाळतो, पत्र उघडत नाही, कधी कधी बायकोलाही सांगत नाही. आणि बायको सहकर्जदार असते, म्हणजे सिबिल दोघांचं बिघडतं. पहिला हप्ता चुकण्याआधी जा. आम्ही गेलो तेव्हा साध्या कागदावर अर्ज लिहिला: पगार किती होता, आता किती आहे, किती महिने अडचण वाटते, किती हप्ता भरू शकतो. सोबत तीन पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र. पहिल्या टेबलावर कुणी ऐकलं नाही, दुसऱ्या खेपेला व्यवस्थापकांनी मुदत चार वर्षं वाढवून दिली. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

एकरकमी तडजोड देऊ केली तर नीट विचार करा. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा बसला की पुढची कित्येक वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं.

हप्ता थकलाच असेल, तर दिवस मोजा. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (यात बँकेला कोर्टात न जाता तारण घर विकून वसुली करता येते) ६० दिवसांची नोटीस येते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि तिला १५ दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. ६० दिवस संपल्यावर बँक ताब्याची कारवाई करू शकते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. किल्ल्या बँकेच्या हातात दिल्या की सुटलो, असं आपल्याकडे नाही. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली बाकी तुमच्याच नावावर राहते.

लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी बँकेचं सगळं देणं भरलं तर घर सुटतं. एवढा पैसा नसेल, तर त्याच मुदतीत स्वतः गिऱ्हाईक शोधा. साठ दिवसांची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, म्हणून गिऱ्हाईकाला घेऊनच शाखेत जा. स्वतः विकलेल्या घराला लिलावापेक्षा बहुतेक वेळा चांगला भाव येतो, आणि बँकेचं देणं वजा जाऊन जे उरेल ते नव्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला तरी हाताशी राहतं.